पुढची शिफ्ट कुणाची?

आइस हॉकीचा सामना 60 मिनिटांचा असतो, 20-20 मिनिटांच्या तीन भागांत. गोलरक्षक सोडला तर एका संघाचे पाच जण एका वेळी बर्फावर असतात, तीन आक्रमक आणि दोन बचावपटू. बचावाच्या दोन जागांची मिळून 120 मिनिटं होतात आणि ती वाटून घ्यायला त्या दिवशीच्या संघात सहा बचावपटू असतात. समसमान वाटली तर प्रत्येकाला 20 मिनिटं यायला हवीत. तशी ती कधीच वाटली जात नाहीत. पहिल्या जोडीतला बचावपटू 24-25 मिनिटं खेळून घामाघूम होतो आणि तिसऱ्या जोडीतल्याला 14-15 मिळाली तरी खूप झालं. सामना संपला की ही मिनिटं सेकंदांसकट जाहीर होतात. प्रशिक्षकानं पत्रकारांसमोर तरुण खेळाडूचं कितीही तोंडभरून कौतुक केलेलं असो, त्याचं खरं मत या तक्त्यात सापडतं. उत्तर अमेरिकेतल्या नॅशनल हॉकी लीगमध्ये, म्हणजे एनएचएलमध्ये, तरुण बचावपटूची सगळी धडपड या तक्त्यातल्या आपल्या आकड्यासाठी चाललेली असते.

या धडपडीबद्दल एक समजूत इतकी रूढ आहे की तिच्याकडे कुणी पुन्हा पाहत नाही. मुलानं आधी चुका कमी कराव्यात, मग प्रशिक्षकाचा विश्वास बसेल आणि विश्वास बसला की मिनिटं वाढतील, असा तो क्रम. ऐकायला न्याय्य वाटतो. पण एकाच शहरातल्या, एडमंटन ऑइलर्स संघातल्या, तीन बचावपटूंच्या गेल्या बारा-तेरा वर्षांतल्या वाटचाली शेजारी ठेवल्या तर हा क्रम टिकत नाही. तिथे विश्वास ज्याला मिळाला त्याच्या चुका थांबलेल्या नव्हत्या, आणि ज्याला मिनिटं उदंड मिळाली त्याच्या चुका त्यामुळे कमी झाल्या नाहीत. कोणती मिनिटं दिली, शेजारी कोण उभा होता आणि चूक झाल्यावर पुढची शिफ्ट किती लवकर मिळाली, यावर सगळं ठरत गेलं. विश्वास ही प्रशिक्षकानं करायची एक व्यवस्था आहे, खेळाडूनं आधी सिद्ध करून मग कमवायचं बक्षीस नाही, असं माझं म्हणणं आहे.

आपल्याकडे हॉकी म्हटलं की हिरवं टर्फ डोळ्यांपुढे येतं; बर्फावरची हॉकी लडाखच्या गोठलेल्या तळ्यांच्या फार खाली उतरलेली नाही. म्हणून या खेळातल्या बचावपटूचं काम जरा जवळून पाहायला हवं. मैदान 200 फूट लांब आणि 85 फूट रुंद, भोवती फळ्या आणि फळ्यांवर काच. गोलच्या मागेही खेळ चालतो. प्रतिस्पर्ध्यानं पक, म्हणजे रबराची ती काळी चकती, आपल्या कोपऱ्यात ढकलली की बचावपटूला गोलकडे तोंड करून, खेळाकडे पाठ फिरवून तिच्यामागे धावावं लागतं. वाटेत एकदा, जमलं तर दोनदा, खांद्यावरून मागे बघायचं: कोण येतोय, किती जवळ आहे, कुठल्या बाजूनं. चकतीपाशी पोहोचेपर्यंत निर्णय झालेला हवा, कारण पाठोपाठ नव्वद किलोचा एक माणूस फळीवर आदळवायला येत असतो. गोलमागून जोडीदाराकडे सरकवावी, फळीच्या कडेनं पुढच्या आक्रमकाकडे द्यावी, काचेवर आपटून कशीबशी बाहेर काढावी, की मधून आपल्या सेंटरच्या, म्हणजे मधल्या आक्रमकाच्या, स्टिकवर थेट पास टाकावा? काचेवर आपटण्यात धोका सर्वांत कमी, पण चकती बहुधा प्रतिस्पर्ध्याच्याच हाती जाते आणि पुन्हा बचाव करत बसावं लागतं. मधला पास जमला तर पाच सेकंदांत आपलं आक्रमण पलीकडच्या गोलवर असतं. तो अडवला गेला तर चकती आपल्याच गोलसमोर प्रतिस्पर्ध्याच्या स्टिकवर असते.

या चार पर्यायांतली निवड एका सामन्यात एक बचावपटू कितीतरी वेळा करतो. बरोबर निघालेली निवड कुणाच्या लक्षात राहत नाही, कारण तिच्यानंतर काहीच घडत नाही. चुकलेली निवड गोलच्या फेरचित्रणात संथगतीनं चार वेळा दाखवली जाते. यष्टिरक्षकानं दिवसभर नीट पकडलेले चेंडू कुणी मोजत नाही आणि सुटलेला एक झेल दुसऱ्या दिवशीच्या पेपरात येतो, तशातलाच हा प्रकार. बचावपटूच्या चुकांची आठवण त्याच्या कामाच्या प्रमाणात कधीच नसते, हे पुढचं सगळं वाचताना ध्यानात ठेवावं लागेल.

अविश्वास दाखवायची साधनं प्रशिक्षकाकडे भरपूर असतात आणि बहुतेक नियमांतूनच आलेली असतात. एक शिफ्ट साधारण 40-50 सेकंदांची असते आणि खेळ न थांबवता खेळाडू बदलता येतात. मात्र खेळ थांबला असेल तेव्हा शेवटचा बदल करायचा हक्क यजमान संघाला असतो. त्यामुळे घरच्या सामन्यांत कच्च्या बचावपटूला प्रतिस्पर्ध्याच्या तगड्या फळीपासून दूर ठेवता येतं. परगावच्या सामन्यात ते जमत नाही आणि त्याची मिनिटं चोरपावलांनी घटतात. दुसऱ्या वीस मिनिटांत बाजू बदलल्यामुळे आपला बाक बचावाच्या टोकापासून लांब पडतो. दमलेल्या बचावपटूला बदली करायला अर्धं मैदान ओलांडावं लागतं आणि बरीचशी पडझड नेमकी याच वेळी होते. एका गोलची आघाडी असताना शेवटच्या दोन मिनिटांत कोण उतरतो, एक माणूस कमी असताना कोण आणि एक जास्त असताना, म्हणजे पॉवर प्लेमध्ये, कोण, हेही सगळं ठरवून झालेलं असतं. बचावपटूंच्या जोड्या बहुधा सहायक प्रशिक्षक सांभाळतो. त्यानं खांद्यावर थाप मारली की उतरायचं. चूक करून परतलेल्या मुलाच्या खांद्यावर पुढची दहा मिनिटं थाप पडत नाही आणि त्याला तेवढ्यात सगळं समजतं.

आता पहिला बचावपटू, जस्टिन शुल्ट्झ. अॅनाहाइम डक्सनं 2008च्या ड्राफ्टमध्ये, म्हणजे संघांनी आळीपाळीनं तरुण खेळाडू निवडण्याच्या वार्षिक फेऱ्यांत, त्याला निवडलं होतं, पण विस्कॉन्सिन विद्यापीठातून बाहेर पडताना त्यानं त्यांच्याशी करार केला नाही आणि 2012च्या उन्हाळ्यात तो मोकळा झाला. अनेक संघ मागे लागले असताना त्यानं एडमंटन निवडलं. मालक-खेळाडू वादामुळे एनएचएल बंद असताना ओक्लाहोमा सिटीच्या दुय्यम संघाकडून त्यानं 34 सामन्यांत 48 गुण केले, म्हणजे गोल आणि गोलला मदत मिळून 48. बचावपटूसाठी हा आकडा अविश्वसनीय होता. मग एडमंटननं त्याला सगळं दिलं: पहिल्या-दुसऱ्या जोडीतली जागा, पॉवर प्ले, 20हून जास्त मिनिटं. सर्वोत्तम बचावपटूला मिळणाऱ्या नॉरिस करंडकाची कुवत त्याच्यात आहे, असं व्यवस्थापक क्रेग मॅकटॅव्हिश जाहीरपणे म्हणाले. त्या काळातला एडमंटनचा संघ सतत तळाला होता. शुल्ट्झच्या शेजारचे जोडीदार बदलत राहिले आणि त्यांच्यात त्याला सावरून घेईल असा भक्कम माणूस क्वचितच होता. चार मोसमांत राल्फ क्रूगर, डॅलस इकिन्स, हंगामी म्हणून टॉड नेल्सन आणि मग टॉड मॅक्लेलन असे मुख्य प्रशिक्षक येऊन गेले. शेवटी शेवटी घरच्याच प्रेक्षकांनी त्याची हुर्यो उडवली. फेब्रुवारी 2016मध्ये तिसऱ्या फेरीतल्या एका निवडीच्या बदल्यात त्याला पिट्सबर्गला देऊन टाकलं गेलं. ज्याला नॉरिसचा दावेदार म्हटलं होतं त्याची ही किंमत.

रूढ समजूत मानणाऱ्यांना इथे थांबावंसं वाटेल. मिनिटं दिली, विश्वास दाखवला, काय झालं? मुलगा बिघडला. पण पिट्सबर्गमध्ये तोच बचावपटू त्याच वसंतात स्टॅन्ली कप, म्हणजे लीगचं विजेतेपद, जिंकणाऱ्या संघात खेळला आणि 2016-17च्या मोसमात त्यानं 51 गुण केले. प्रशिक्षक माइक सुलिव्हन यांनी त्याला आधी तिसऱ्या जोडीत, थोड्या आणि तुलनेनं सोप्या मिनिटांसाठी वापरलं. संघानं बचावपटूंना घडवायला नेमलेले सर्गेई गोन्चार, जे स्वतः खेळत असताना आक्रमक वृत्तीचे बचावपटू होते, त्याच्यासोबत बसले. पुढच्या वसंतात मानेच्या दुखण्यामुळे संघाचा प्रमुख बचावपटू क्रिस लेटँग प्लेऑफमध्ये, म्हणजे मोसमाअखेरच्या बाद फेऱ्यांत, एकही सामना खेळू शकला नाही, तेव्हा शुल्ट्झची मिनिटं वाढली आणि पिट्सबर्ग पुन्हा जिंकलं. एडमंटननं त्याला फक्त मिनिटं दिली होती. गरज होती म्हणून दिली होती, दुसरं कुणी नव्हतं म्हणून दिली होती. त्याला मी विश्वास म्हणणार नाही. ती टंचाई होती आणि तिच्यावर विश्वासाचं लेबल चिकटवलेलं होतं.

दुसरा बचावपटू एव्हन बुशार्ड, आणि या लेखाचा बराचसा भार त्याच्यावर आहे. जन्म ऑक्टोबर 1999, गाव ओंटारिओतलं ओकव्हिल. लंडन नाइट्स या ज्युनियर संघाचा कर्णधार असताना 2017-18मध्ये त्यानं 67 सामन्यांत 87 गुण केले आणि 2018च्या ड्राफ्टमध्ये एडमंटननं त्याला दहाव्या क्रमांकावर उचललं. त्या शरद ऋतूत सात सामने खेळवून त्याला ज्युनियरला परत पाठवलं. पुढचं वर्ष कॅलिफोर्नियातल्या बेकर्सफिल्ड काँडर्समध्ये, दुय्यम लीगमध्ये. मग महामारी. 2020च्या शरदात स्वीडनच्या दुसऱ्या श्रेणीतल्या सॉडरटेल्ये संघाकडून तो खेळला आणि जानेवारी 2021मध्ये एडमंटनला परतल्यावर 56 सामन्यांच्या तोकड्या मोसमात त्याच्या वाट्याला 14 सामने आले. एकवीस वर्षांचा, दहाव्या क्रमांकाचा खेळाडू राखीव पथकासोबत गावोगाव फिरत होता, सराव करत होता आणि बहुतेक रात्री सूट घालून वरच्या मजल्यावरून सामना बघत होता.

मुख्य प्रशिक्षक डेव्ह टिपेट यांच्यावर तेव्हा पुष्कळ टीका झाली. माझ्या मते त्यांची बाजू टीकाकारांना वाटली त्यापेक्षा मजबूत होती. उजव्या बाजूला अॅडम लार्सन आणि इथन बेअर होते आणि टायसन बॅरी त्या मोसमात 48 गुणांसह लीगमधल्या सगळ्या बचावपटूंत पहिला होता. संघ आपल्या विभागात दुसरा आला. जिंकणाऱ्या संघाच्या प्रशिक्षकानं चालणारी घडी मोडून एका पोराला का घुसवावं? प्रश्न रास्त आहे. मात्र प्लेऑफमध्ये विनिपेगनं त्यांना 4-0 असं धुतलं. नंतर लार्सन सिअॅटलला गेला, बेअर कॅरोलिनाला, आणि पुढच्या मोसमात बुशार्ड 81 सामने खेळला. त्या उन्हाळ्यात त्यानं टिपेट यांचं मन जिंकण्यासारखं काही केलेलं नव्हतं. करायला सामनेच नव्हते. जागा रिकामी झाली, इतकंच. म्हणजे चुका कमी करून विश्वास कमावण्याच्या गोष्टीतलं पहिलं पाऊलच या उदाहरणात सापडत नाही.

पण शुल्ट्झलाही जागा रिकामी म्हणूनच मिळाली होती. फरक पुढे आहे. 2021-22मध्ये बुशार्डच्या डाव्या हाताला डंकन कीथ होता. शिकागोकडून तीनदा स्टॅन्ली कप, दोनदा नॉरिस, एकदा प्लेऑफमधला सर्वोत्तम खेळाडू असं सगळं पदरी असलेला 38 वर्षांचा माणूस. त्याच्या पायांतला वेग गेला होता, पण पक येण्याआधी कुठे उभं राहायचं हे डोक्यात पक्कं होतं. फेब्रुवारी 2022मध्ये टिपेट गेले आणि जे वुडक्रॉफ्ट आले, सोबत बचावपटूंसाठी डेव्ह मॅन्सन. हे दोघेही बेकर्सफिल्डहून आले होते. बुशार्डच्या चुका त्यांनी तिथे पाहिल्या होत्या, त्याचं शांत राहणंही पाहिलं होतं. गोल खाल्ल्यावर हा मुलगा चेहऱ्यावर काहीच दाखवत नाही, याचा अर्थ त्याला फिकीर नाही असा घ्यायचा की तो विचलित होत नाही असा, हे दोन आठवड्यांत कळत नाही. त्याला एक अख्खा मोसम बसमधून सोबत प्रवास करावा लागतो. प्रशिक्षकाच्या स्मरणात खेळाडूचा मागचा काळ असणं ही विश्वासातली सर्वांत दुर्लक्षित बाब आहे असं मला वाटतं. शुल्ट्झच्या प्रत्येक नव्या प्रशिक्षकानं नव्यानं सुरुवात केली. बुशार्डचा एक तरी प्रशिक्षक जुना होता.

तरीही 2022-23च्या पहिल्या भागात तो घसरला. कीथ निवृत्त झाला होता, शेजारी ठरलेला माणूस उरला नव्हता, मिनिटं तिसऱ्या जोडीची झाली होती आणि पॉवर प्ले बॅरीकडे होता. इथे वुडक्रॉफ्ट यांनी त्याला आकसून खेळायला शिकवलं असतं तर ते समजण्यासारखं होतं. 28 फेब्रुवारी 2023 रोजी व्यवस्थापक केन हॉलंड यांनी नॅशव्हिलकडून माटियास एकहोल्मला आणलं आणि त्या बदल्यात इतर गोष्टींबरोबर टायसन बॅरीलाही दिलं. एका सौद्यात दोन कामं झाली. बत्तीस वर्षांचा, उंच, डावखुरा, फार बोलबाला नसलेला एक उत्तम बचावपटू बुशार्डच्या शेजारी आला. आणि कॉनर मॅकडेव्हिड, लिऑन ड्रायझायटल या आघाडीच्या आक्रमकांच्या पॉवर प्लेच्या माथ्यावरची जागा मोकळी झाली, त्या मोसमात 32.4 टक्के यश मिळवून लीगचा विक्रम करणाऱ्या पॉवर प्लेची. ती जागा बुशार्डला मिळाली. प्लेऑफच्या 12 सामन्यांत त्यानं 17 गुण केले. तोच बचावपटू, तीच स्टिक, आणि तीन महिन्यांपूर्वी ज्यांच्यावर बोटं दाखवली जात होती त्याच सवयी.

लगेच येणारा आक्षेप असा की त्या 17मधले बहुतेक गुण पॉवर प्लेवरचे होते, आणि मॅकडेव्हिडला पास द्यायला कुणालाही जमलं असतं. त्या वसंतापुरता हा आक्षेप मी मान्य करतो. पुढच्या मोसमात तो टिकत नाही. 2023-24मध्ये बुशार्डनं 81 सामन्यांत 18 गोल आणि 64 मदती मिळून 82 गुण केले. पाच विरुद्ध पाच खेळताना एकहोल्म-बुशार्ड ही जोडी लीगमधल्या सर्वांत प्रभावी जोड्यांत गणली गेली; ते बर्फावर असताना खेळ बहुतेक वेळ पलीकडच्या टोकाला चालायचा. 20 मिनिटांच्या आत अडकलेली त्याची मिनिटं 21च्या वर गेली. प्लेऑफमध्ये 25 सामन्यांत 32 गुण झाले. एका प्लेऑफमध्ये बचावपटूनं याहून जास्त गुण केल्याची उदाहरणं दोनच आहेत, 1985मधला पॉल कॉफी आणि 1994मधला ब्रायन लीच. आणि कॉफी हे त्या वेळी एडमंटनच्याच बाकामागे उभे होते. नोव्हेंबर 2023मध्ये वुडक्रॉफ्ट आणि मॅन्सन यांना काढून क्रिस नॉब्लॉक यांना आणलं तेव्हा बचावपटूंची जबाबदारी कॉफींकडे आली होती. त्यांचा आग्रह उघड होता: पक काचेवर फेकून देऊ नका, ठेवा, पाहा, पास द्या. म्हणजे ज्या निवडीत चुकण्याचा धोका अधिक तीच निवड बाकावरून सांगितली जात होती. व्हँकूव्हरविरुद्धच्या दुसऱ्या सामन्यात जादा वेळेत, मे 2024मध्ये, विजयी गोल बुशार्डचा होता. त्या क्षणी त्याला बर्फावर ठेवणं हाच प्रशिक्षकाचा निर्णय होता.

दुसरा आक्षेप अधिक अवघड आहे. बुशार्डच्या चुका थांबल्या का? थांबल्या नाहीत. पक गमावण्याच्या याद्यांत त्याचं नाव वरच असतं आणि 2025च्या प्लेऑफमध्येही त्याच्या हातून सुटलेल्या चकत्यांवर गोल झाले. पण या यादीत वर कोण असतं तेही बघावं. ज्याच्याकडे पक सर्वांत जास्त वेळ असतो तोच तो सर्वांत जास्त वेळा गमावतो, आणि म्हणून लीगचे उत्तमोत्तम खेळाडू तिथे गर्दी करून असतात. निव्वळ चुका मोजणं म्हणजे जमेचा रकाना झाकून खर्चच वाचणं. प्रशिक्षकानं करायची खरी छाननी वेगळी आहे. दमलेला असताना, जोडीदार पुढे गेलेला असताना, आघाडी जपायची असताना टाकलेला मधला पास हा निष्काळजीपणा आहे आणि त्याबद्दल बाकावर बसवलंच पाहिजे. जागा दिसली, पास बरोबर होता, समोरच्यानं स्टिक घालून अडवला, ही खेळाची किंमत आहे. दोन्हींवर सारखीच शिक्षा झाली तर मुलगा दोन्ही सोडून देतो आणि काचेवर आपटणारा आणखी एक सरळसोट बचावपटू तयार होतो. असे बचावपटू बाजारात स्वस्तात मिळतात; दहाव्या क्रमांकाची निवड त्यासाठी खर्च करायची गरज नसते. त्याच 2025च्या वसंतात लॉस एंजेलिसविरुद्धच्या चौथ्या सामन्यात बुशार्डनं तिसऱ्या भागात दोन गोल केले, त्यातला बरोबरीचा गोल शेवटच्या अर्ध्या मिनिटात. ज्याच्या चुकांवर तेव्हा गावभर चर्चा चालू होती त्याला नॉब्लॉक यांनी त्या अर्ध्या मिनिटात बाहेर काढलं नव्हतं.

इथे नेहमीची एक कुरकुर ऐकून घ्यायला हवी: गुणी मुलगा कुठेही वर येतोच, प्रशिक्षकाला एवढं महत्त्व कशाला? याचं उत्तर तिसऱ्या बचावपटूकडे आहे. फिलिप ब्रोबर्ग हा स्वीडिश मुलगा 2019मध्ये एडमंटननं आठव्या क्रमांकावर, म्हणजे बुशार्डपेक्षा दोन पायऱ्या वर, निवडला होता. पाच वर्षांत तो वर-खाली होत राहिला. 2023-24च्या नियमित मोसमात एडमंटनकडून तो जेमतेम 12 सामने खेळला. डॅलसविरुद्धच्या उपांत्य लढतीत, मालिका अर्ध्यावर आल्यावर, त्याला उतरवलं गेलं. तो शांतपणे खेळला, एक गोलही केला आणि अंतिम फेरीतही जागेवर राहिला. सगळ्यांच्या भुवया उंचावल्या. ऑगस्टमध्ये सेंट लुइस ब्लूजनं त्याला दोन वर्षांचा, वर्षाला सुमारे 46 लाख डॉलर्सचा प्रस्ताव दिला. एडमंटनला तो जुळवून, म्हणजे तेवढीच रक्कम देऊन, ब्रोबर्गला ठेवता आलं असतं. पगारमर्यादेच्या कचाट्यात त्यांनी तो जुळवला नाही आणि भरपाई म्हणून दुसऱ्या फेरीतली एक निवड घेऊन गप्प बसले. सेंट लुइसमध्ये ब्रोबर्ग पहिल्याच वर्षी सरासरी 20 मिनिटांहून जास्त खेळला. बारा सामन्यांचा बचावपटू दोन-तीन महिन्यांच्या सुट्टीत असा काय सुधारला? काहीच नाही. तो आधीपासून तेवढाच होता आणि ते तपासून बघायची मिनिटं त्याला मिळाली नव्हती. अशा वेळी गुणी मुलगा वर येतो हे खरंच. फक्त तो दुसऱ्याच्या संघात येतो.

माझ्या म्हणण्याला सर्वांत जड जाणारा मुद्दा मात्र वुडक्रॉफ्ट यांचा आहे. ज्यानं बुशार्डला दुय्यम लीगमध्ये घडवलं, वर आणलं, घसरणीतही सोडलं नाही, त्याला 2023-24च्या पहिल्या 13 सामन्यांत तीनच विजय मिळाल्यावर डच्चू मिळाला. 82 गुणांचा मोसम आणि अंतिम फेरी नॉब्लॉक यांच्या नावावर लागली. मग प्रशिक्षकानं तरुण बचावपटूवर मिनिटं का खर्चावीत? त्याचं पीक येईपर्यंत त्याची स्वतःची नोकरी राहील याची खात्री काय? मला वाटतं, याचं उत्तर प्रशिक्षकाकडे नाहीच. ते व्यवस्थापकाकडे आहे. मुलाला सोप्या मिनिटांपासून अवघड मिनिटांपर्यंत चढवत न्यायचं असेल तर त्याच्या शेजारी एकहोल्म लागतो, आणि एकहोल्म प्रशिक्षकाला विकत आणता येत नाही. प्रशिक्षकाची मुदत मुलाच्या वाढीपेक्षा लहान असेल तर तो जुन्या, बिनचुकीच्या, मंद बचावपटूकडेच वळणार आणि त्याला दोष देता येणार नाही. मॉन्ट्रिअलमध्ये हे उलट बाजूनं दिसलं. पाच फूट नऊ इंचांच्या लेन हटसनला 2022मध्ये 62व्या क्रमांकापर्यंत कुणी विचारलं नव्हतं. प्रशिक्षक मार्टिन सेंट लुइ यांनी त्याला 2024-25च्या पहिल्याच पूर्ण मोसमात सगळे 82 सामने खेळवलं आणि 66 गुणांसह त्यानं सर्वोत्तम नवख्याचा काल्डर करंडक घेतला. सेंट लुइ हे स्वतः बुटके, ड्राफ्टमध्ये कुणी न निवडलेले आणि तरीही हॉल ऑफ फेममध्ये पोहोचलेले खेळाडू, म्हणून त्यांना हटसन दिसला असं म्हटलं जातं. असेलही. पण ते फेब्रुवारी 2022पासून त्या बाकामागे होते, संघ नव्यानं उभा राहत होता आणि डिसेंबरमधल्या चार पराभवांनी त्यांची खुर्ची हलणार नव्हती, याचाही वाटा तितकाच आहे.

अशी उभी राहिलेली व्यवस्था त्या संघापुरतीच चालते, खेळाडूसोबत प्रवास करत नाही. बुशार्डनं 32 गुणांचा तो वसंत गाजवल्यानंतर आठ-नऊ महिन्यांनी, फेब्रुवारी 2025मध्ये, कॅनडाचा संघ चार देशांच्या स्पर्धेसाठी उतरला. प्रशिक्षक जॉन कूपर होते. केल मकारपासून ट्रॅव्हिस सॅनहाइमपर्यंत बचावपटू निवडले गेले, दुखापतींमुळे नंतर ड्रू डाउटी आणि थॉमस हार्ली यांनाही बोलावलं, बुशार्ड नव्हता. आठवड्याभराच्या स्पर्धेत कूपर यांना मधल्या पासची किंमत मोजायची नव्हती आणि एकहोल्म तर स्वीडनकडून खेळणारा. चार महिन्यांनी, जूनच्या अखेरीस, एडमंटननं त्याच बुशार्डशी चार वर्षांचा, वर्षाला 1 कोटी 5 लाख डॉलर्सचा करार केला.